सेन्सरवरची साखर कशी वाचावी?

दंडावर लावायच्या ग्लुकोज सेन्सरबद्दल आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील, ती या अंकासाठी निवडली आहेत. साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात आहेत. तुमच्या ॲपवर ५.६, ८.२ असे आकडे दिसत असतील तर ते मिलिमोलमध्ये आहेत. १८ ने गुणले की आपले नेहमीचे आकडे मिळतात. गोळ्या किंवा इन्सुलिनचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच बदला.

प्रश्न: मला टाइप २ मधुमेह आहे आणि मी रात्री बेसल (दिवसभर संथपणे काम करणारे) इन्सुलिन घेतो. सेन्सर लावल्यापासून रोज मीटरवरही तपासतो. मीटर १४२ दाखवतो तेव्हा सेन्सर ११८ दाखवतो, कधी याच्या उलट. खरा आकडा कुठला धरायचा?

उत्तर: दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण ही दोन यंत्रे वेगवेगळ्या ठिकाणची साखर मोजतात. मीटर बोटातल्या रक्ताची मोजतो. सेन्सरची बारीक तार त्वचेखाली साधारण पाच मिलिमीटरवर, पेशींभोवतीच्या द्रवात असते. बहुतेक सेन्सरच्या तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ग्लुकोजशी त्याची अभिक्रिया झाली की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्या प्रवाहावरून यंत्र साखर किती ते ठरवते. रक्तातली साखर या द्रवात उतरायला साधारण पाच ते दहा मिनिटे लागतात. साखर झपाट्याने बदलत असेल तेव्हा हा उशीर पंधरा मिनिटांपर्यंत जातो. जेवणानंतर साखर मिनिटाला २ ने चढत असेल आणि सेन्सर दहा मिनिटे मागे असेल, तर नुसत्या उशिरामुळेच २० अंकांचा फरक पडतो. त्यात कुणाचीच चूक नाही.

शिवाय मीटरही तसा तंतोतंत नसतो. आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार मीटरची ९५ टक्के मापे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात (साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत). म्हणजे प्रयोगशाळेत १४२ येणारी साखर मीटरने १२१ दाखवली किंवा १६३ दाखवली, तरी तो मीटर मानकात बसतो. तुमचा २४ अंकांचा फरक म्हणजे सुमारे १७ टक्के. यात काळजीचे काही नाही.

सेन्सरची परीक्षा घ्यायचीच असेल तर नीट घ्या. सेन्सरच्या आकड्याशेजारचा, साखरेची दिशा दाखवणारा बाण आडवा आहे आणि गेला अर्धा तास रेघ सपाट आहे, अशी वेळ निवडा; सकाळी उठल्यावर किंवा जेवणाच्या आधी ती सहज मिळते. हात साबणाने धुवा आणि कोरडे करा. नुकतेच फळ सोललेल्या बोटावर मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो आणि दोष मात्र सेन्सरला मिळतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. तासाभराने पुन्हा हेच करा. दोन्ही वेळा फरक २० टक्क्यांहून जास्त आला (साखर ८० च्या खाली असेल तर २० अंकांहून जास्त), तर तो सेन्सर बदला आणि कंपनीला कळवा.

पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर मात्र निकाल देऊ नका. तार आत गेली की तिथल्या ऊतीला बारीकशी इजा होते, सूज येते आणि ती निवळेपर्यंत, म्हणजे सुमारे २४ तास, आकडे थोडे भरकटतात. यंत्राचा सुरुवातीचा तयारीचा वेळ (लिब्रे २ या सेन्सरमध्ये एक तास, डेक्सकॉम जी६ मध्ये दोन तास, जी७ मध्ये अर्धा तास) संपला म्हणजे सेन्सर स्थिरावला असे नव्हे. म्हणून नवा सेन्सर झोपण्यापूर्वी न लावता सकाळी लावावा, असे आमचे मत आहे. चुकीच्या आकड्यांचे तास मग जागेपणी जातात आणि शंका आली तर बोटावर तपासता येते.

प्रश्न: आमच्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप १ आहे. मध्यरात्रीनंतर सेन्सर ५२ दाखवून घंटा वाजवतो, आम्ही धावतो, बोटावर तपासावे तर १२१. आठवड्यातून दोन-तीनदा असे होते. रात्रीची घंटा बंद ठेवली तर चालेल का?

उत्तर: घंटा बंद करू नका. तुम्ही वर्णन करता तो प्रकार बहुधा दाबामुळे होतो. मूल सेन्सर असलेल्या दंडावर झोपले की तिथली त्वचा दाबली जाते, रक्तपुरवठा कमी होतो, पेशींभोवतीच्या द्रवात नवे ग्लुकोज पोचत नाही आणि आधीचे पेशी वापरून टाकतात. सेन्सर आपल्या जागेवरची साखर बरोबरच मोजत असतो, पण ती जागा उरलेल्या शरीराचे प्रतिनिधित्व करत नसते.

आलेख नीट पाहिलात तर हा प्रकार ओळखता येतो. रात्रभर ११५ ते १२५ च्या दरम्यान चाललेली सपाट रेघ दहा-पंधरा मिनिटांत एकदम ६० च्या खाली येते. तिथे थोडा वेळ रेंगाळते, मध्येच तुटतेही. मुलाने कूस बदलली की साखर न देताही तितक्याच झटक्यात ती पुन्हा १२० वर जाते. रात्री साखर खरोखर उतरते तेव्हा बहुतेक वेळा तास-दीड तास तिरका उतार दिसतो आणि साखर दिल्यावर रेघ वर यायलाही वेळ लागतो. मात्र संध्याकाळी मूल खूप खेळले असेल किंवा झोपण्यापूर्वी जलद इन्सुलिन दिले असेल, तर खरी घसरणही वेगाने होऊ शकते. त्यामुळे आलेखाचा आकार सकाळी शांतपणे पाहायचा. रात्री त्यावर भरवसा ठेवून परत झोपायचे नाही.

रात्रीचा क्रम असा ठेवा. घंटा वाजली की आधी मुलाला दुसऱ्या कुशीवर करा, मग बोटावर तपासा. मीटर ७० च्या खाली असेल तर साखर द्या. मीटर हाताशी नसेल, घाम आला असेल किंवा मूल गोंधळलेले वाटत असेल तर तपासणीत वेळ न घालवता साखर द्या. अकारण दिलेल्या साखरेपेक्षा न दिलेली साखर जास्त घातक. मूल शुद्धीवर नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका. डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन (साखर वाढवणारे तातडीचे औषध) दिले असेल तर ते द्या आणि तातडीची मदत बोलवा.

मुलगा ज्या कुशीवर जास्त झोपतो, त्याच्या विरुद्ध दंडावर पुढचा सेन्सर लावून पाहा. काही सेन्सरना लहान मुलांमध्ये नितंबाच्या वरच्या भागावर लावण्याची मान्यता आहे. तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात पाहा. सेन्सरशी जोडलेला स्वयंचलित इन्सुलिन पंप वापरत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पंप या खोट्या घसरणीला खरी समजून इन्सुलिन थांबवतो आणि पहाटे साखर चढते. ‘सकाळी साखर का वाढली?’ या प्रश्नाचे उत्तर कधी कधी रात्रीच्या त्या खड्ड्यात असते.

प्रश्न: सेन्सरवर ५८ आले. लगेच ग्लुकोज घेतले. पंधरा मिनिटांनी ६१, पुन्हा घेतले. वीस मिनिटांनी ६६, आणखी घेतले. दीड तासाने २४० झाले!

उत्तर: पहिल्या वेळचे ग्लुकोज बहुधा पुरेसे होते. साखर उतरते त्यापेक्षा ती सावरताना सेन्सरचा उशीर जास्त अडचणीचा ठरतो. रक्तात ८५ झालेले असते, अंगाची थरथर थांबलेली असते आणि पडदा मात्र अजून ६१ दाखवत असतो. म्हणून साखर घेतल्यानंतरची पंधरा मिनिटांची तपासणी सेन्सरवर न करता बोटावर करायची. मीटरने ७० च्या वर दाखवले तर थांबा, सेन्सर मागून येईल.

मात्रा १५ ग्रॅम. ग्लुकोजची गोळी ४ ग्रॅमची असेल तर चार गोळ्या. साखर असेल तर चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून. स्निग्ध पदार्थ किंवा चॉकलेट या वेळी उपयोगाचे नाही, कारण स्निग्धांशामुळे पोट सावकाश रिकामे होते आणि साखर उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही गोळी घेत असाल तर घरातली साखर चालणार नाही, ग्लुकोजच लागेल. साखर पचवून तिचे ग्लुकोज करणारे विकरच ही औषधे अडवतात. या गोळ्या घेणाऱ्या अनेकांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नसते. ग्लुकोजचा डबा उशाशी आणि बाहेर जाताना पिशवीत, असे दोन्हीकडे ठेवा.

प्रश्न: आकड्याशेजारच्या बाणाचा अर्थ काय? बाण वर असेल तर इन्सुलिन वाढवायचे का?

उत्तर: तीन वेळा जेवणाआधी सेन्सरवर ११० आले असे समजा. पहिल्या वेळी बाण आडवा आहे, दुसऱ्या वेळी सरळ वर, तिसऱ्या वेळी सरळ खाली. मीटरच्या दृष्टीने हे तिन्ही प्रसंग एकच. प्रत्यक्षात पहिल्या प्रसंगी अर्ध्या तासाने साखर ११० च्या आसपास असेल, दुसऱ्यात १७० च्या पुढे जाईल आणि तिसऱ्यात ५० पर्यंत येईल. सेन्सरचा खरा फायदा हा आहे, म्हणून आकड्याइतकाच बाणही वाचायची सवय लावा.

आडवा बाण म्हणजे साखर मिनिटाला १ पेक्षा कमी वेगाने बदलते आहे. तिरका बाण १ ते २, सरळ वर किंवा खाली बाण २ पेक्षा जास्त. काही यंत्रांत दोन बाणही दिसतात, ते ३ च्या पुढचा वेग दाखवतात. मिनिटाचा वेग ३० ने गुणला की अर्ध्या तासाचा अंदाज मिळतो. अर्थात हा अंदाज गेल्या काही मिनिटांच्या वाटचालीवरून काढलेला असतो. तुम्ही आत्ता काय खाल्ले किंवा किती इन्सुलिन टोचले, हे बाणाला ठाऊक नसते.

आता इन्सुलिनचे. फक्त गोळ्या घेणाऱ्यांनी वरचा बाण पाहून काहीही करायचे नाही. जेवणानंतर बाण वर जाणारच. जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणाऱ्यांना बाणानुसार डोस थोडा कमी-जास्त करण्याची पद्धत असते, पण किती युनिट ते तुमच्या इन्सुलिन-संवेदनशीलतेवर ठरते आणि ते कोष्टक डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे लागते. बाण खाली असताना जेवणाचा डोस घ्यायचा असेल तर काय करायचे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. बहुतेक लोक नेमके हेच विचारायचे विसरतात.

सर्वांत जास्त घोळ जेवणानंतर होतो. दीड तासाने पडद्यावर २३० आणि वरचा बाण दिसला की हात इन्सुलिनच्या पेनाकडे जातो. जलद इन्सुलिनचा परिणाम सुरू व्हायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, जोर एक ते दीड तासाने येतो आणि एकूण परिणाम चारेक तास राहतो. म्हणजे जेवणाआधी टोचलेल्या इन्सुलिनचे बरेच काम अजून बाकी असते. त्यावर दुसरा डोस पडला की दोन्ही मिळून तीन-साडेतीन तासांनी साखर ६० वर आणतात, मग साखर खावी लागते, मग ती पुन्हा चढते. आलेखावर दिवसभर झोका दिसतो. डॉक्टरांनी वेगळी रीत सांगितली नसेल तर मागच्या डोसला तीन तास झाल्याशिवाय दुरुस्तीचा डोस घेऊ नका. जेवणानंतर रोजच उंच शिखर येत असेल तर इन्सुलिन जेवणाच्या किती आधी घेता ते तपासा. जेवायला बसताना टोचण्याऐवजी दहा ते वीस मिनिटे आधी टोचले तर अनेकांचे शिखर एकही युनिट न वाढवता खाली येते. जेवणाआधीच साखर कमी असेल तर अर्थातच हे करायचे नाही.

टाइप १ मध्ये, विशेषतः पंपावर, साखर २५० च्या वर जाऊन तिथेच थांबली आणि डोसनेही हलली नाही तर कीटोन (इन्सुलिन कमी पडले की रक्तात साचणारी आम्ले) तपासा. पंपाची नळी दुमडली असेल तर सेन्सर फक्त साखर वाढल्याचे सांगतो, इन्सुलिन पोचत नसल्याचे सांगत नाही. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोलच्या वर असतील तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर असतील तर थेट रुग्णालय.

प्रश्न: सेन्सर चौथ्या-पाचव्या दिवशी सुटून पडतो. शिवाय खाज येते.

उत्तर: सुटण्याचे कारण बहुतेक वेळा लावण्यापूर्वीच्या दोन मिनिटांत असते. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, दंडाच्या मागच्या बाजूची मांसल जागा घ्या. तीळ, व्रण आणि इन्सुलिन टोचून झालेल्या गाठी टाळा. इन्सुलिन टोचता त्या जागेपासून निदान तीन इंच लांब राहा. केस असतील तर ट्रिमरने बारीक करा. मॉइश्चरायझर नसलेल्या साध्या साबणाने जागा धुवा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घाई इथेच होते. ओलसर त्वचेवर गोंद धरत नाही आणि ओले स्पिरिट तारेबरोबर आत गेले तर झोंबतेही. लावल्यावर कडेच्या पट्टीवरून अर्धा मिनिट बोट दाबून फिरवा. पहिले बारा तास घाम येईल असा व्यायाम, पोहणे किंवा लांब अंघोळ टाळा.

वरून पट्टी लावायची असेल तर मधोमध भोक असलेली घ्या. लिब्रे २ च्या मध्यभागी बारीक छिद्र असते, ते झाकायचे नसते. लावताना रक्ताचा थेंब आला आणि थांबला तर सेन्सर चालू ठेवा; रक्त साचून राहिले आणि आकडे विचित्र आले तर काढा. पडलेला सेन्सर फेकू नका. त्याचा अनुक्रमांक आणि खोक्याचा फोटो असेल तर कंपन्या बऱ्याचदा बदलून देतात.

खाजेचे दोन प्रकार आहेत. गोंदाखाली घाम साचून येणारी खाज सेन्सर काढला की एक-दोन दिवसांत जाते. त्यासाठी जागा बदलत राहणे आणि त्वचेवर संरक्षक द्रव्याचा थर लावून वाळवणे एवढे पुरते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात लाली पट्टीच्या कडेबाहेर पसरते, बारीक फोड येतात, पाणी सुटते आणि प्रत्येक नव्या सेन्सरबरोबर त्रास आधीपेक्षा लवकर सुरू होतो. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हे काही सेन्सरमध्ये वापरले गेलेले रसायन अशा ॲलर्जीचे माहीत असलेले कारण आहे. अशी लक्षणे असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्या. ॲलर्जी ठरली तर मलमे बदलत बसण्यापेक्षा वेगळ्या घडणीचा सेन्सर घेणे शहाणपणाचे.

काढताना कडेला तेल लावून पाच मिनिटे थांबा, मग पट्टी वर न ओढता त्वचेला समांतर मागे सोलत न्या.

प्रश्न: सेन्सर असताना कोणती औषधे जपून घ्यावीत?

उत्तर: तीन नावे लक्षात ठेवा. क जीवनसत्त्व दिवसाला ५०० मिलिग्रॅमहून जास्त घेतले तर लिब्रे २ खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवू शकतो. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या विरघळणाऱ्या गोळ्यांत हे प्रमाण सहज ओलांडले जाते. पॅरासिटामॉलमुळे जुन्या डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिक सेन्सरवर आकडा खोटा वाढतो. डेक्सकॉम जी६ मध्ये सहा तासांत १ ग्रॅमपर्यंत चालते. हायड्रॉक्सियुरिया (काही रक्तविकारांत आणि कर्करोगांत दिले जाणारे औषध) घेणाऱ्यांनी डेक्सकॉम किंवा मेडट्रॉनिकच्या आकड्यावर इन्सुलिन ठरवूच नये. या तिन्हींत चूक एकाच दिशेची आहे: आकडा वाढीव दिसतो, त्यावर इन्सुलिन घेतले जाते आणि साखर खरोखर कोसळते.

प्रश्न: अहवालात जीएमआय ७.१ आहे, प्रयोगशाळेत एचबीए१सी मात्र ७.९ आले. डॉक्टरांना कुठला दाखवू?

उत्तर: दोन्ही दाखवा. जीएमआय हे सेन्सरच्या सरासरीवरून काढलेले गणित आहे: सरासरी साखरेला ०.०२३९२ ने गुणून ३.३१ मिळवायचे. सरासरी १५८ असेल तर ७.१ येते. तो आकडा सेन्सरच्या अहवालातल्या दोन आठवड्यांपुरता असतो. एचबीए१सी ही दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी आहे आणि तिचा आकडा तांबड्या पेशींवर अवलंबून असतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या ॲनिमियात एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. तांबड्या पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल तर कमी येतो. तुमच्यासारखा ०.८ चा फरक असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावे. दोन आठवडे सेन्सर लावला म्हणून तेवढ्यापुरते जपून खाल्ले असेल, तर फरकाचे कारण तेही असू शकते. फक्त एचबीए१सी पाहून इन्सुलिन वाढवले आणि सेन्सरवर आधीच रात्री ६५ दिसत असेल, तर नुकसान होईल. म्हणून दोन्ही समोर ठेवणे गरजेचे.

अहवाल वाचताना वरच्या मोठ्या सरासरीवर थांबू नका. आधी पाहा, सेन्सर किती वेळ चालू होता. चौदा दिवसांपैकी निदान ७० टक्के वेळेची नोंद नसेल तर बाकीच्या आकड्यांना फारसा अर्थ नाही. लिब्रे २ फक्त फोन टेकवून वाचत असाल तर सेन्सरच्या स्मरणात आठच तास राहतात. रात्री अकराला टेकवून सकाळी नऊला टेकवले तर मधले दोन तास कायमचे गेले.

मग ७० च्या खालचा वेळ पाहा. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मतैक्यानुसार तो ४ टक्क्यांहून, म्हणजे दिवसाला सुमारे एका तासाहून कमी असावा आणि ५४ च्या खालचा वेळ १ टक्क्याहून, म्हणजे पंधरा मिनिटांहून कमी. त्यानंतर ७० ते १८० मधला वेळ: ७० टक्क्यांच्या वर, म्हणजे दिवसाचे सुमारे सतरा तास. वृद्धांसाठी आणि साखर कोसळण्याचा धोका असणाऱ्यांसाठी तो ५० टक्के पुरतो, पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्यापेक्षा कमी हवा. टाइप १ असलेल्या गर्भवतींसाठी पट्टाच वेगळा, ६३ ते १४०. चढउताराचा गुणांक, म्हणजे सरासरीच्या तुलनेत साखर किती वर-खाली होते, तो ३६ टक्क्यांच्या आत हवा.

शेवटी चौदा दिवस एकावर एक ठेवून काढलेला आलेख. मधली ठळक रेघ म्हणजे त्या त्या वेळची मध्यक साखर. भोवतीच्या गडद पट्ट्यात निम्मे दिवस बसतात, फिकट पट्ट्यात जवळपास सगळे. पट्टा जिथे अरुंद पण उंच आहे, तिथे रोज तेच घडते आहे. तिथे औषधाची वेळ किंवा मात्रा बदलून उपयोग होतो. पट्टा जिथे रुंद आहे, तिथे रोज वेगळे घडते आहे. तिथे डोस वाढवला की ज्या दिवशी साखर मुळातच कमी असते त्या दिवशी ती कोसळते. आधी जेवणाच्या वेळा आणि चुकलेले डोस पाहावेत. फिकट पट्टा ७० च्या रेघेला जिथे टेकतो, ती वेळ डॉक्टरांना बोट ठेवून दाखवा. बदलाची सुरुवात तिथून व्हावी.

प्रश्न: मी फक्त मेटफॉर्मिन घेते. कायम सेन्सर लावायची गरज आहे का?

उत्तर: आमच्या मते नाही. मेटफॉर्मिन एकट्याने साखर क्वचितच कोसळवते, त्यामुळे रात्रंदिवस पहाऱ्याची गरज नसते. पण चौदा दिवसांचा एक सेन्सर नीट वापरला तर बरेच शिकवून जातो. पहिला दिवस सोडून द्या. पुढचे तीन दिवस काहीही न बदलता नेहमीसारखे जेवा आणि जेवणाची वेळ लिहून ठेवा. मग एका वेळी एकच बदल करा: तेच जेवण, तेवढेच, पण नंतर पंधरा मिनिटे चालणे, दुसऱ्या दिवशी तेच जेवण, कर्बोदके निम्मी. प्रत्येक वेळी जेवणाआधीचा आकडा, शिखराचा आकडा, शिखर किती वेळाने आले आणि तीन तासांनी किती, एवढे चार आकडे पुरे. एकाच दिवसाच्या निकालावर विसंबू नका. झोप कमी झाली तरी शिखर बदलते, म्हणून प्रत्येक प्रयोग दोनदा करा. उपाशीपोटी पहाटे चार ते आठच्या दरम्यान साखर चढताना दिसली तर घाबरू नका. पहाटे संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात. हा चढ रोजचा असेल तर डॉक्टरांना सांगा, पण त्यासाठी रात्रीचे जेवण टाळू नका.

प्रश्न: सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ किंवा अंगठी घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये. त्वचा न भेदता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. सेन्सरचा आकडा फक्त दाखवणारे घड्याळ ही वेगळी गोष्ट, ते खुशाल वापरा.

प्रश्न: साखर ५० पर्यंत उतरली तरी फोन वाजला नाही. सेन्सर खराब का?

उत्तर: आलेखात ५० ची नोंद असेल तर सेन्सरने आपले काम केले, अडले ते फोनमध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने याच तक्रारींवरून सूचना काढली होती. नेहमीची कारणे अशी: फोनची प्रणाली अद्ययावत झाल्यावर सूचनांची परवानगी बदलली, ‘व्यत्यय नको’ चालू राहिले, बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ॲप झोपवले, ब्लूटूथ हेडफोन जोडलेला असल्याने घंटा तिकडेच वाजली. ॲपला बॅटरी-बचतीतून वगळा, तातडीच्या सूचनांची परवानगी द्या, फोनची प्रणाली आपोआप अद्ययावत होणे बंद ठेवा. प्रत्येक बदलानंतर वरच्या घंटेची मर्यादा मुद्दाम सध्याच्या साखरेखाली आणून घंटा वाजते का पाहा, मग पूर्ववत करा. फोन एका खोलीत आणि तुम्ही दोन भिंतींपलीकडे, असे झाले तरी संपर्क तुटतो. संपर्क तुटल्याची घंटा वेगळी असते, ती चालूच ठेवा.

प्रश्न: एमआरआय करायचा आहे. सेन्सर काढावा लागेल का?

उत्तर: तुमच्या सेन्सरच्या माहितीपत्रकात स्पष्ट परवानगी नसेल तर होय. सेन्सर बदलण्याच्या दिवशीच तपासणीची वेळ घेतली तर एक सेन्सर वाया जात नाही.

प्रश्न: माझे वय ७१. माझी साखर मुलीच्या फोनवर दिसते. १९० झाले की तिचा फोन येतो, ‘आई, काय खाल्लंस?’ मला सेन्सर काढून टाकावासा वाटतो.

उत्तर: सेन्सर काढू नका, मुलीच्या फोनवरची मर्यादा बदला. पाहणाऱ्याच्या घंटेचे आकडे तुमच्या घंटेपेक्षा वेगळे ठेवता येतात. तुमच्या फोनवर ७० ला घंटा वाजू दे, मुलीच्या फोनवर ५५ किंवा ६० ला. वरची घंटा तिच्याकडे बंदच ठेवा, किंवा २५० च्या वर दोन तास राहिल्यावरच वाजेल अशी लावा. तुमच्या वयाला जेवणानंतर १९० होणे ही फोन करण्याजोगी घटना नाही. कोसळणारी साखर मात्र आहे, कारण तोल जाऊन पडणे आणि हाड मोडणे त्यातून घडते. दोघींनी मिळून ठरवा: घंटा वाजल्यावर दहा मिनिटांत तुम्ही ‘घेतले’ एवढा निरोप पाठवायचा, तो आला नाही तरच तिने फोन करायचा आणि फोन उचलला नाही तर शेजारच्या कुणाला पाठवायचे, त्यांचे नाव आणि क्रमांक आधीच तिच्याकडे असू द्या. आलेख दोघींनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून पाहा. सल्फोनिलयुरिया गटातली (ग्लिमेपिराइडसारखी) गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या वर दिसला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डोस कमी करण्याविषयी डॉक्टरांना विचारा.